लेंड्या मागायला आलेला

भूमिकाने त्याला पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा त्याचा हात तिच्या बकरीच्या शेपटीखाली होता.

प्रेमकथेची सुरुवात अशी असू नये, हे मान्य. नदीकाठ हवा, कलतं ऊन हवं, वाऱ्यावर उडणारी ओढणी हवी. तसं पाहिलं तर सगळंच होतं. खापा गावाला लागून वाहणारी कन्हान होती, माघातलं मऊ ऊन होतं आणि ओढणीही होती. फक्त ती भूमिकाने कमरेला घट्ट खोचली होती, आणि तिच्या हातात बाभळीची फोक होती.

“ए भाऊ! काय करून राहिला गा तू तिथं?”

तो दचकला. एका हातात पातळ रबरी मोजा, दुसऱ्या हातात चिमुकली प्लास्टिकची पिशवी. बकरी मात्र आपल्याला काही झालंच नाही अशा थाटात बोराटीचा पाला ओढत होती.

“चोर नाही मी,” तो घाईघाईने म्हणाला. “लेंड्या... लेंड्या घेऊन राहिलो.”

“लेंड्या?”

“हो. ताज्या लागतात.”

भूमिकाने आजूबाजूला पाहिलं. सगळ्या काठावर लेंड्याच लेंड्या. “अन् ह्या काय शिळ्या हायेत?”

“त्या मातीत पडल्या ना. मातीतले किडे मिसळतात. मग बकरीच्या पोटात कोणते होते अन् मातीत कोणते, कसं कळणार?” मग त्याला एकदम आठवलं. “आणि बायजाबाईंना विचारलंय मी. त्यांनीच पाठवलं.”

“बायजाबाई माही आत्या हाय. तिच्या बकऱ्या त्या तिकडे, लांब कानाच्या. ही माही हाय. जरी नाव हिचं.”

त्याचे कान लाल झाले. ऊन मागून पडत होतं, त्यामुळे ते चांगले लखलखीत दिसले. तो जरीकडे, मग पिशवीकडे पाहत राहिला आणि पिशवी पुढे करून म्हणाला, “मग... ह्या परत घेता का?”

भूमिका हसली नाही. हसू दाबायला तिला फोक दुसऱ्या हातात घ्यावी लागली, एवढंच.

*

त्याचं नाव प्रज्वल गोतमारे. घर काटोलकडचं, संत्र्याच्या बागा असलेलं. शिकायला नागपूरला, जनावरांच्या डॉक्टरकीच्या वरच्या वर्गात. सावनेर तालुक्यात किती बकऱ्यांच्या पोटात जंत आहेत, आणि एका कळपात जास्त, दुसऱ्यात कमी असं का, हे त्याला शोधायचं होतं.

“शोधून काय होते?” भूमिकाने विचारलं. दोघं काठाने चालत होते. म्हणजे बकऱ्या चालत होत्या आणि ही दोघं त्यांच्या मागे.

“कारण सापडते.”

“सापडून?”

“सापडलं तर ते हटवता येते.”

हा प्रश्न तिचाच होता. वर्षभरात तिच्या बकऱ्यांची पिल्लं एकामागून एक गेली होती. आधी लेंड्यांतून रक्त पडायचं, मग पिल्लू खांदे पाडून कोपऱ्यात उभं राहायचं, आणि मग उभंही राहायचं नाही. आत्याच्या बकऱ्या त्याच काठावर चरायच्या, तिची पिल्लं मात्र दिवसभर उड्या मारायची. भूमिकाकडे आता जरीचं एकच पिल्लू उरलं होतं, बुट्टी. आत्याने बजावून ठेवलं होतं, “हेही गेलं तर सगळ्या बकऱ्या सावनेरच्या बाजारात नेऊन इकून टाक वं भूमे, अन् नागपूरले माह्या नणंदेच्या दुकानात कामाले लाग.”

बकऱ्या आईच्या. आईने माहेरून आणलेल्या एकीपासून वाढलेल्या. आई गेली, तिच्या बकऱ्या तेवढ्या राहिल्या... आणि भूमिकाला दुकानात साड्यांच्या घड्या घालायच्या नव्हत्या.

“माह्या बकऱ्यांच्याही लेंड्या घेऊन जा,” ती म्हणाली. “घ्याच.”

कुण्या मुलीने मुलाला असं काही इतक्या आर्जवाने देऊ केलं असेल, असं वाटत नाही.

*

हेडाऊंचं, म्हणजे भूमिकाचं घर कोष्टीपुऱ्यात, विणकरांच्या वस्तीत. पुढे राहायची खोली, मागे हातमागाची. मागाची म्हणजे पूर्वीची. जमिनीत खड्डा, खड्ड्यात पाय सोडून बसायचं आणि आडवं सूत नेणारा धोटा फेकायचा. भूमिकाच्या बाबांनी, रुपराव हेडाऊंनी, या खड्ड्यात बसून नागपुरी लुगडी विणली होती. आता माग थांबला होता. उन्हाळ्यात गल्लीत तीच खोली थंड, म्हणून बकऱ्या तिथेच, मागाच्या पलीकडच्या भिंतीशी बांधलेल्या असत.

प्रज्वल दुपारच्या बसने यायचा आणि प्रश्न विचारायचा.

“जमीन मातीची?”

“मातीची.”

“ओली राहते का?”

“नाही जी. रोज झाडते मी.”

“छत गळते? न्हाणीचं पाणी येते इकडे?”

“नाही.”

“पाला कुठे टाकता?”

“खालीच. आता बकऱ्यांले काय पाट मांडू?”

तो हसायचा आणि पुढचा प्रश्न विसरायचा. मग खिशातून एक लांबट कार्ड काढायचा. कार्डावर रंगांचे पट्टे, गडद लालपासून पांढऱ्यापर्यंत. बकरीची खालची पापणी अंगठ्याने अलगद ओढायची आणि आतला रंग कार्डाशी ताडून पाहायचा. जितका फिकट, तितकं रक्त कमी.

“जरीचा दुसरा पट्टा,” तो म्हणाला. “गुलाबी.”

“गुलाबी नाही हा. तिसरा हाय, अबोली.” भूमिका विणकराची मुलगी, रंगाच्या बाबतीत ती कुणाचं ऐकत नसे. “हा पहिला डाळिंबी. मग गुलाबी, मग अबोली, अन् हा कांद्याच्या सालीचा. शेवटचा तर नुसतं कोरं सूत.”

“मग बुट्टीचा कोणता?”

तिने पिल्लू मांडीवर घेतलं, पापणी ओढली आणि कार्ड जवळ धरलं.

“कांद्याच्या सालीचा,” ती हळूच म्हणाली.

त्याने पिल्लाला औषध पाजलं. निघताना, वातावरण जरा हलकं करावं म्हणून असेल, तो म्हणाला, “माणसांनाही पाहता येते याने.”

“अस्सं? मग माह्या पापणीचा पाहा.”

त्याने कार्ड वर केलं, हात अर्ध्यावर नेला... आणि त्याचं बोट हवेतच राहिलं. “उजेड... उजेड कमी आहे इथे,” तो पुटपुटला.

उजेड भरपूर होता. दुपारचे दोन वाजले होते.

*

इतर मुलं सकाळी सकाळी मोबाइलवर गुलाबाची फुलं पाठवतात. प्रज्वल अंडी पाठवायचा.

लेंडी कुस्करून मिठाच्या दाट पाण्यात घातली, की जंतांची अंडी वर तरंगतात, हे त्यानेच तिला सांगितलं होतं. ती काचेवर घेऊन तो फोटो काढायचा. काळ्या गोलात पिवळसर, लांबट, पारदर्शक काहीतरी. खाली लिहिलेलं, ‘ही जरीची.’

‘छान आहेत,’ भूमिका लिहायची. मग लाज वाटून, ‘म्हणजे वाईट आहेत ना?’

‘वाईट आहेत. पण फोटो छान आला.’

एकदा त्याने आख्ख्या जंताचा फोटो आणून रुपरावांना दाखवला. बकरीच्या पोटात राहून रक्त पिणारा, लाल आणि पांढरा, असे दोन पट्टे एकमेकांभोवती गुंडाळलेला. रुपरावांनी चष्मा कपाळावर चढवला आणि मोबाइल डोळ्यांजवळ नेला.

“काय पीळ हाय गा!” ते म्हणाले. “दोन रंगी सूत असंच पिळतात. सारखा पीळ, कुठं ढिला नाही. इतकं साफ काम, अन् करते काय तं रक्त पिते.”

“बाबा, कौतुक काहून करून राहिले त्याचं?”

“कामाचं करून राहिलो वं. त्याचं नाही.”

प्रज्वल या गोष्टीवर बस येईपर्यंत हसत होता. भूमिका त्याला सोडायला स्टँडवर आली होती. का आली, हे तिला कुणी विचारलं नाही. तिनेही स्वतःला विचारलं नाही.

*

चैत्र लागला तसं कोडं घट्ट होत गेलं. ऊन कडक झालं, काठावरचं गवत पिवळं पडलं आणि तालुकाभर बकऱ्यांच्या लेंड्यांतली अंडी कमी होत गेली. जंतांना ओल लागते. कोरड्यात त्यांचं काही चालत नाही. आत्याच्या बकऱ्या तर जवळपास साफ निघाल्या. फक्त हेडाऊंच्या घरची अंडी वाढत होती. आणि नुसते जंत नाहीत. जंतांहूनही बारीक एक जीव, जो पिल्लांच्या आतड्यात शिरून रक्त पाडतो, तोसुद्धा.

“चारा तोच, काठ तोच, ऊन तेच,” प्रज्वल स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला. “मग इथेच का?”

“आमचं नशीब,” भूमिका म्हणाली.

“नशीब मोजता येत नाही.” तो जमिनीवर उकिडवा बसला, बोटाने माती चाचपली. वरची माती कोरडी, भुरभुरीत. “काहीतरी आहे, जे मी विचारत नाही. अन् तुम्ही सांगत नाही.”

“मी काय लपवून राहिली?”

“लपवून नाही. तुम्हालाही माहीत नाही.”

त्या दिवशी बुट्टी उभी राहिली नाही. तिने मान भूमिकाच्या पायावर टाकली होती. मान इतकी हलकी, की भूमिकाला पाय काढवेना.

*

दुसऱ्या दिवशी तो दुपारच्या बसने आला नाही. पहाटेच्या पहिल्या बसने आला. रात्रभर त्याला बुट्टीच दिसत होती, असं तो नंतर म्हणाला. बुट्टीच का, हे मात्र त्याने सांगितलं नाही.

गल्लीत नुकतं फटफटलं होतं. मागचं दार उघडं होतं. भूमिका हातात चहाची कपबशी घेऊन त्याच्यामागोमाग आत आली आणि दोघंही उंबऱ्यावर थांबली.

रुपराव पाणी शिंपडत होते.

अनवाणी, धोतर वर खोचलेलं, हातात पितळी गडवा. ओंजळीत पाणी घ्यायचं आणि बोटांतून जमिनीवर उडवायचं, अगदी सारखं, जसं देवघरात शिंपडावं. खड्ड्याभोवती, मागाखाली, भिंतीपर्यंत. बकऱ्यांच्या खुरांपर्यंत. मागावर जुनी चादर पांघरलेली होती. तिचं एक टोक उचलून त्यांनी आतल्या सुतावर ओला हात फिरवला आणि चादर परत नीट केली.

विणकराच्या घरी कोणीही हे सांगणार नाही, कारण कोणाला त्यात सांगण्यासारखं काही वाटतच नाही. सूत वाळलं की तुटतं. म्हणून मागाखालची जमीन ओली ठेवायची. ऊन जितकं कडक, पाणी तितकं जास्त. भूमिका जन्मल्यापासून हे पाहत आली होती. ‘जमीन ओली राहते का?’ असं कुणी विचारलं, तर ती खरोखर ‘नाही’ म्हणायची. ते पाणी थोडंच होतं? ते बाबांचं सकाळचं काम होतं. दुपारच्या बसपर्यंत वरची माती सुकून जायची. खालची सुकायची नाही.

प्रज्वल ओल्या जमिनीवरून बुट्टीजवळ गेला. बुट्टीला औषध दिलं, पापणी पाहिली, आणि म्हणाला, “काका, हिला काही दिवस बायजाबाईंच्या अंगणात ठेवा. मोकळी हवा लागेल तिला.”

“नेतो ना,” रुपराव म्हणाले. “वाचते ना गा ही?”

“वाचवू.”

स्टँडवर जाताना भूमिका त्याच्या बरोबरीने चालत होती. आज मध्ये बकऱ्या नव्हत्या.

“तुम्ही पाहिलं ना?”

“काय?”

“खोटं बोलता येत नाही तुम्हाले. कान लाल होतात.”

त्याने कानावर हात ठेवला. “पाहिलं.”

“मग बोलले काहून नाही? तिकडे माही बुट्टी मरून राहिली अन् तुम्ही मोकळ्या हवेच्या गोष्टी करता!”

“कसं बोलू? तुमच्या बाबांनी त्या चादरीवरून हात फिरवला, तो पाहिला ना मी...” तो थांबला. “हे परक्या माणसाने सांगायचं नसते, भूमिका.”

नाव त्याने पहिल्यांदाच नुसतं घेतलं होतं. पुढे ‘जी’ नाही, काही नाही.

“परके हायेत का तुम्ही?” तिने विचारलं.

बस आली. बस अशाच वेळी येते. तो चढला, पायरीवरून वळून काहीतरी म्हणाला, पण कंडक्टरने बेल वाजवली होती.

*

संध्याकाळी तिने सांगितलं. बाबांच्या समोर न बसता, शेजारी बसून, म्हणजे चेहरा पाहावा लागू नये.

रुपरावांनी आपले हात उलटसुलट करून पाहिले. “म्हणजे पिल्लं म्या मारली.”

“नाही बाबा. तुम्हाले कुठं माहीत होतं?”

“तुह्या मायसाठी काढलं होतं मागावरचं ते लुगडं. तिनंच काठ निवडला होता. अर्ध्यावर आलो अन् ती...” ते चादरीकडे पाहत होते. “इणवत नाही अन् कापवतही नाही. म्हटलं, पाणी तरी देत राहू. ताण्याचं उभं सूत जित्तं तं राहीन.”

आईचं लुगडं एका बाजूला, आईच्या बकऱ्या दुसऱ्या बाजूला, आणि मध्ये बाबा गडवा घेऊन.

“पोट्ट्याले समजलं होतं सकाळी?” त्यांनी विचारलं.

“हो.”

“मग बोलला काहून नाही?”

“तुम्हाले वाईट वाटीन म्हणून.”

“हं.” रुपरावांनी चष्मा पुसला. “बकऱ्यांच्या डॉक्टरले माणसाचंही जरासं समजते म्हणायचं.”

दुसऱ्या दिवशी भूमिकाला जाग आली ती आवाजाने. खट्... खट्... आधी अडखळत, मग एका तालात. गल्लीतली माणसं दारात येऊन उभी राहिली. बायजाआत्या दात घासता घासता धावत आली, “मायबाई! रुपराव मागावर बसला काय वं?”

रुपराव खड्ड्यात पाय सोडून बसले होते. चादर बाजूला पडली होती. आणि लुगड्याचा काठ होता डाळिंबी, अगदी कार्डावरच्या पहिल्या पट्ट्यासारखा.

*

लुगडं मागावरून उतरेपर्यंत बकऱ्या आत्याच्या अंगणात राहिल्या. उतरलं त्या दिवशी रुपरावांनी गडवा घासून फळीवर ठेवला. मग प्रज्वल आला आणि त्याने भूमिकाबरोबर खोलीतली ओली माती खरवडून काढली, नवी कोरडी माती टाकली, चुना पसरला. पाला टांगायला रुपरावांनी बांबूची जाळी बांधली. “आता मांडला तुह्या बकऱ्यांले पाट,” ते म्हणाले.

चुन्याने प्रज्वलचे केस पांढरे झाले होते.

“म्हातारपणी असे दिसाल काय?” भूमिकाने विचारलं.

“पाहायला कोण असेल त्यावर आहे.”

ती झाडू घेऊन एकदम दुसऱ्या कोपऱ्यात गेली. तो कोपरा आधीच झाडून झाला होता.

बुट्टीची पापणी अबोली झाली, मग गुलाबी. मग बुट्टी खड्ड्याच्या काठावरून उड्या मारायला लागली. दुकानाचं नाव आत्याने परत काढलं नाही. तिने वेगळंच काढलं.

“काय वं भूमे,” ती एके दिवशी म्हणाली, “हा पोट्टा तुह्याकडे सारखा येते. माह्याकडे तं दोनदाच आला. दोनदाच येतो म्हणे सगळ्यांकडे. कॉलेजचा नियमच हाय तसा.”

भूमिकाने मान खाली घालून बुट्टीची पापणी तपासली. गरज नव्हती.

*

शेवटचा फोटो त्याने पाठवला नाही. स्वतः घेऊन आला. गोल उजेड आणि त्यात काहीच नाही. कडेला एक टिकलीएवढं वर्तुळ.

“हे काय?”

“हवेचा बुडबुडा.”

“बाकी काहीच नाही?”

“काहीच नाही. म्हणजे... ओल हेच कारण होतं. सिद्ध झालं.” त्याने मोबाइल खिशात ठेवला, परत काढला, परत ठेवला. “तुमच्या बकऱ्या आता बऱ्या आहेत.”

“मग तोंड असं काहून?”

“आता मला यायला कारण उरलं नाही ना.”

“आधी तरी कुठं होतं?” भूमिका म्हणाली. “आत्याकडे दोनदाच गेले तुम्ही.”

कान. दोन्ही. डाळिंबी.

“तुम्हाला माहीत होतं?”

“मले लेंड्यांतलं समजत नाही, एवढंच. बाकी समजते.”

“मग ऐका ना, त्या दिवशी बसच्या पायरीवरून मी म्हटलं होतं...” तो अडखळला. “तुम्ही विचारलं होतं, परके आहात का. मी म्हटलं होतं, राहायचं नाहीये. परकं.”

तिने ओढणीला हात पुसले. मग जवळ गेली, अंगठ्याने त्याची खालची पापणी अलगद ओढली आणि डॉक्टरांच्या गंभीरपणाने आत पाहिलं.

“काय रंग आहे?” त्याने विचारलं. आवाज फार बारीक आला.

“उजेड कमी हाय,” ती म्हणाली. तिचा अंगठा तिथेच होता.

आतून रुपरावांचा खोकला ऐकू आला, आणि मागोमाग आवाज, “भूमे, त्या पोट्ट्याले इचार, लेंड्या न नेताही येता येते काय त्याले!”

पुढच्या रविवारी तो दुपारच्या बसमधून उतरला. मोजे नाहीत, पिशव्या नाहीत, लेंड्या थंड ठेवायचा बर्फाचा डबा नाही. दारात उभा राहिला तेव्हा आपल्या रिकाम्या हातांचं काय करायचं, हे त्याला समजत नव्हतं.

भूमिकाने ते ओळखलं. तिने बुट्टीला उचललं आणि त्याच्या हातांत दिलं.